मंगळवारी न फिरलेलं चाक

वडगाव, बेळगाव
बुधवार

तीर्थस्वरूप भावकू आप्पा यांच्या पायांवर (उजवा गुडघा सांभाळून) पुतण्या सूरजचा साष्टांग नमस्कार. मी इकडं खुशाल आहे, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचून झाल्यावरही तुम्ही मला खुशाल राहू द्याल अशी आशा आहे. गुडघ्याला तेल चोळता की बाटली कोनाड्यात तशीच आहे? म्हैस व्याली का? घराला रंग काढून झाला का, की अजून अण्णा आणि तुम्ही निळा की पिवळा यावरच अडून बसलाय? चौदा वर्षांनी गावात महालक्ष्मीची यात्रा भरतेय, तेव्हा काहीतरी एक रंग लावा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही आत्ता म्हणत असाल. कारणं दोन आहेत. पहिलं म्हणजे तुम्ही फोनवर बोलता ते देवळाच्या पारापर्यंत ऐकू येतं, आणि मला जे सांगायचं आहे ते पारापर्यंत जाऊन चालणार नाही. दुसरं म्हणजे फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. (मागच्या रविवारी मी 'आप्पा, एक सांगायचं होतं' एवढं म्हणालो, आणि त्यानंतर अर्धा तास मी बोअरच्या मोटारीबद्दल ऐकलं.) कागदाला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येईल, पण तुम्ही शाळामास्तर होता, लिहिलेला कागद तुम्ही फाडणार नाही.

तर आता मुळापासून सांगतो. तुम्ही दीड महिन्यापूर्वी डोळे तपासायला बेळगावला आलात आणि परत जाताना माझं ऑफिस बघायला आलात, ते आठवत असेलच. अंगात तुमचा तो पिवळ्या रेघांचा शर्ट होता, ज्याचा खिसा एका बाजूला उतरलाय. (नंदगडच्या ज्या शिंप्यानं तो मागच्या यात्रेला शिवला, त्याला मी कधी बघितलं नाही, पण त्याची नजर तुमच्यापेक्षा आधी तपासायला हवी होती.) काचेपलीकडं एक भलं मोठं लोखंडी कपाट होतं, आत चौकोनी कॅसेटींच्या रांगा, आणि मधल्या पट्टीवर वर-खाली पळणारा एक यांत्रिक हात. तुम्ही बराच वेळ बघून म्हणालात की हा गडी जेवायला कधी जातो. त्या कपाटाला टेप लायब्ररी म्हणतात आणि त्याची देखभाल हेच माझं काम. कॉलेजांची, दवाखान्यांची, नकाशेवाल्यांची जुनी माहिती आमच्याकडं ठेवायला येते. ती आम्ही कॅसेटीवर भरतो. हात कप्प्यातली कॅसेट उचलतो, तिच्यावरची बारकोडच्या पट्ट्यांची चिठ्ठी वाचून खात्री करतो आणि खालच्या ड्राइव्हमध्ये सारतो. ड्राइव्ह म्हणजे लिहिणारं-वाचणारं यंत्र.

इथंच तुम्ही तो प्रश्न विचारलात. "ह्यात चाक हाय का रं?"

आप्पा, त्या क्षणी नाही म्हणालो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण खोटं बोलायचं नाही हे तुम्हीच शिकवलेलं, आणि शिवाय मला माझ्या कामाबद्दल कुणी काही विचारलं की जरा चढतं. त्यामुळं मी सगळं सविस्तर सांगितलं, की एक चाक कॅसेटीच्या पोटात असतं, दुसरं ड्राइव्हच्या पोटात, आणि किलोमीटरभर लांबीची फीत याच्यावरून त्याच्यावर, त्याच्यावरून याच्यावर अशी गुंडाळत राहते. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मग वाराच्या दिवशी ते फिरायचं न्हाय."

आता वार पाळायचे म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. यात्रेआधी पाच आठवडे मंगळवारी आणि शुक्रवारी शिवारात कुणी जायचं नाही, औत धरायचं नाही, गिरणी बंद. पण गावच्या पंचांनीसुद्धा नोकरदारांना सूट दिली होती. सूट दिली नाही ती फक्त तुम्ही. घरातल्या कुणीही कुठलंही चाक फिरवायचं नाही, मग ते बेळगावात असो की बेंगळुरात. मी जरा कुरकुरलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "मालूनं तीन यात्रा काढल्या, एक वार मोडला न्हाय. तिच्या माघारी आमी मोडायचा व्हय?" काकीचं नाव काढलंत. मी मान हलवली. मग जिना उतरताना, माझ्याकडं न बघता, तुम्ही आणखी एक विचारलंत. तुमच्या दिपालीनं मागच्या यात्रेचं जे शूटिंग केलेलं, त्यात मालू असेल का, तिचा आवाज असेल का. फोटो पुष्कळ आहेत, म्हणालात, पण आवाज कुठं न्हाय. आणि मी छाती काढून सांगितलं की आहे, आणि माझ्याकडं एकदम सुरक्षित आहे.

त्या 'एकदम सुरक्षित'ची गोष्ट आता ऐका. दिपालीआक्काचं ते शूटिंग म्हणजे एकेचाळीस तासांचा ऐवज, कुणीही कधी सगळा न बघितलेला. तो एका हार्ड डिस्कवर होता, ती डिस्क आक्काबरोबर लग्नानंतर चिकोडीला गेली आणि दमट हवा लागू नये म्हणून दहा वर्षं तांदळाच्या डब्यात राहिली. यंदा यात्रेत चौकात पडदा लावून दाखवू म्हणून तिनं ती माझ्याकडं पाठवली, तेव्हा ती आतून टकटक करत होती. हार्ड डिस्क टकटक करायला लागली म्हणजे ती निरोप घेते आहे असं समजायचं. म्हणून तुम्ही यायच्या तीन दिवस आधी, सोमवारी, सगळे जेवायला गेलेले असताना, मी घाईघाईनं ते सगळं एका कॅसेटीवर उतरवलं. परवानगी घेतली नाही. उतरवून झालं आणि डिस्कनं मान टाकली, ती कायमची.

घाईत मी एक हिशोब चुकलो. कॅसेटीच्या डबीवर जागेचे दोन आकडे छापलेले असतात. लहान आकडा खरा, आणि मोठा आकडा माहिती दाबून भरली तर किती मावेल त्याचा. ही दाबण्याची कला ड्राइव्हच्या अंगातच असते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली तर तो ती एकदाच लिहितो आणि पुढं नुसती खूण करतो की 'वरच्यासारखंच'. वाचताना खुणेवरून सगळं अक्षरन्‌ अक्षर परत उभं करतो, काही हरवत नाही. (तुमची मला आलेली सगळी पत्रं त्याला दिली तर अर्ध्या पोस्टकार्डात बसतील. 'पाऊस बेताचा, गुडघा तसाच, लग्नाचं काय ठरवलंस' एवढं एकदा लिहिलं की पुढं खुणाच खुणा.) माझ्या कॅसेटीत दोनशे जीबीची जागा शिल्लक होती आणि शूटिंग होतं तीनशेचं. डबीवर अडीचपट मावतं असं छापलेलं. मी म्हटलं, आरामात बसेल.

ते बसलं नाही, कारण शूटिंग कॅमेऱ्यानं आधीच दाबलेलं असतं. दूध आटवता येतं, पण कुंदा आणून पुन्हा चुलीवर ठेवला तर तो काही आणखी आटत नाही, करपतो फक्त. बेळगावात राहून एवढं मला कळायला हवं होतं. दोनशे भरल्यावर फीत संपली, आणि यंत्रानं मला न विचारता सामायिक साठ्यातली दुसरी कॅसेट उचलली आणि उरलेलं तिच्यावर लिहिलं. यात यंत्राची चूक नाही, त्याला तसंच शिकवलंय. पण माझ्या पहिल्या कॅसेटीला मी 'कायम ठेवा' असं बजावलं होतं, आणि सामायिक साठ्यातल्या कॅसेटीला असते सहा आठवड्यांची मुदत. मुदत संपली की यंत्र तिला कोरी समजतं आणि पुढच्या कामाला घेतं. मी 'काम पूर्ण झाले' एवढंच वाचलं आणि जेवायला गेलो. आक्काच्या शूटिंगचे भाग होते देऊळ, रथ, पाहुणे आणि सगळ्यात शेवटी 'आई'. तेव्हा दुसऱ्या कॅसेटीवर कोण गेलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मला मात्र हे काही माहीत नव्हतं, आणि मी भक्तिभावानं तुमचा वार पाळत होतो. मंगळवारची भरती बुधवारवर आणि शुक्रवारची शनिवारवर ढकलली. वेळापत्रक बदलताना एक अर्ज भरावा लागतो, त्यात कारणाच्या रकान्यात मी 'स्थानिक देखभाल' असं लिहिलं. स्कूटरलाही चाकं असतात म्हणून वाराला वडगावहून उद्यमबागेतल्या ऑफिसपर्यंत चालत जाऊ लागलो. आमचा वॉचमन भरमू रोज कन्नडमध्ये विचारायचा की गाडी विकली का, आणि मी सांगायचो की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. त्यानं मग माझ्या तब्येतीची बातमी सगळ्या मजल्यांवर पोचवली आणि कॅन्टीनमध्ये मला साखरेशिवाय चहा मिळू लागला.

मंगळवार-शुक्रवार ड्राइव्ह रिकामे, आणि बुधवार-शनिवार त्यांच्या नाकातोंडाला फेस. हे आमच्या सुविधा कांबळे मॅडमच्या नजरेतून सुटणार नव्हतं. मॅडम निपाणीच्या. त्यांची आजी तानुबाई तिथल्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती आणि नातीनं इंजिनियर होऊन आमच्यासारख्यांना सरळ केलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत, नुसता चष्मा काढून पुसतात, आणि तेवढ्यात आमच्या तोंडचं पाणी पळतं. त्यांनी दोनदा विचारलं की ही कुठली देखभाल, आणि मी दोनदा उन्हाळ्याचं नाव पुढं केलं.

काल नववा वार. ड्राइव्ह गप्प, यांत्रिक हात कोपऱ्यात उभा, आणि मला काही काम नाही. रिकामं बसवेना म्हणून मी साठ्याची यादी वाचायला घेतली. 'कोऱ्या, वापरास तयार' या सदरात पहिल्याच कॅसेटीवर शेवटचं काम म्हणून माझंच नाव होतं, आणि तारीख त्या सोमवारची. मुदत परवा संध्याकाळी संपली होती. आप्पा, नेहमीचा मंगळवार असता तर सकाळी नऊ वाजता त्या हातानं हीच कॅसेट सर्वांत आधी उचलली असती आणि काकीच्या आवाजावर कुठल्यातरी कॉलेजच्या गुणपत्रिका लिहिल्या असत्या. एकदा वर लिहिलं की खालचं परत येत नाही. तिला जगातल्या कुणीही परत आणलं नसतं. ती राहिली ती केवळ तुम्ही चाक फिरवू दिलं नाही म्हणून.

मग मी एक गाढवपणा केला. कॅसेट बाहेर काढायची तर हाताला सांगावं लागणार, आणि हातालाही आत चाकं असतातच. वार मोडू नये म्हणून मी कपाटाचं दार स्वतः उघडलं आणि कॅसेट ओढून काढली. दार उघडलं की त्या यंत्राचा जगावरचा विश्वास उडतो. दार लावताच हात खडबडून जागा झाला आणि काही चोरीला गेलंय का बघायला प्रत्येक कप्प्यासमोर जाऊन एकेक चिठ्ठी वाचू लागला. एक चाक वाचवायच्या नादात मी दहा मिनिटं सगळीच्या सगळी फिरवली. (फीत मात्र फिरली नाही. पंचांपुढं विषय निघाला तर एवढं ध्यानात ठेवा.) तो आवाज ऐकून मॅडम आल्या. मी कॅसेट छातीशी धरून उभा होतो.

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग माझ्या हातातली कॅसेट घेतली, तिच्या कडेला एक इवलीशी खिट्टी असते ती नखानं सरकवली, म्हणजे आता कुणी लिहू म्हटलं तरी लिहिता येणार नाही. म्हणाल्या, "मी काही वार मानत नाही, सूरज. पण कारण खरं लिहायचं. आमच्या आजीचाही आवाज कुठं नाही." एवढंच. त्यानंतर त्यांनी माझा जुना अर्ज मागवून रकान्यात स्वतःच्या अक्षरात 'गावचे वार पाळणे' असं लिहिलं. बेंगळुरूच्या मुख्य ऑफिसनं हे काय म्हणून विचारलंय आणि मॅडमनी उत्तरात तुमचं नाव कळवलंय. पत्र आलं तर घाबरू नका.

बाकी क्षेम. अण्णांना आणि आईला नमस्कार. घराला निळा रंग द्या.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत)
सूरज

ता. क. : एक राहिलं. कॅसेट वाचली आहे पण वाचून बघितलेली नाही, म्हणजे आत काकी खरंच आहे की नाही ते ड्राइव्हमध्ये घातल्याशिवाय कळणार नाही. माझ्याच करणीनं बाकीचे सगळे दिवस गच्च भरलेत, रविवारी पूर्ण आठवड्याची प्रत निघते, आणि येत्या मंगळवारी तर यात्राच. ड्राइव्ह मोकळा आहे तो फक्त परवा शुक्रवारी, शेवटच्या वाराला. आप्पा, तासाभरासाठी चाक फिरवायची परवानगी द्या. हे सगळं पुराण एवढं मागायलाच लावलं होतं.

दुसरा ता. क., शनिवार : पत्र पाकिटात घातल्यावर लक्षात आलं की शुक्रवारपर्यंत ते तुम्हाला पोचणारच नाही, उत्तर येणं तर लांबच. काल मॅडम म्हणाल्या की बटण त्या दाबतील, निपाणीच्या माणसाला आमच्या गावचा वार लागत नाही. बटण त्यांनी दाबलं असंच मी लिहिणार होतो. पण मीच दाबलं. फीत फिरली. पत्र आता गावाकडं येणाऱ्या परशरामच्या टेम्पोतून पाठवतोय, सोबत पेन ड्राइव्ह आहे. तो आक्का आल्यावर टीव्हीला लावा, आणि आधी घरातल्या सगळ्यांना बाहेर पाठवा.

तिसरा ता. क. : काकी आहे, आप्पा. आवाज अगदी स्वच्छ आहे. मागच्या यात्रेआधीचा शेवटचा शुक्रवार, तारीख कोपऱ्यात दिसते. माजघराचं दार आतून लावलंय आणि काकी शिलाई मशीनवर बसून भराभरा चाक फिरवतेय. मांडीवर पिवळ्या रेघांचं कापड आहे. नंदगडच्या शिंप्यानं आपल्या गावचा वार आहे म्हणून कापड न शिवता परत पाठवलेलं. आक्का कॅमेऱ्यामागून विचारते, आई, आज शुक्रवार न्हवं का, तर काकी मान वर न करता म्हणते, "यात्रंत जुन्या सदऱ्यात फिरतील व्हय ते? देवीला काय सांगायचं ते मी सांगते. तू आप्पास्नी सांगू नगंस." आक्कानं चौदा वर्षं नाही सांगितलं. मीही सांगितलं नसतं, पण मला काल चाक फिरवल्याचा दंड भरायचा आहे, तर म्हटलं दोघांचा एकदमच ठरवा. मंगळवारी तोच शर्ट घाला. खिसा सरळ करून घेऊ नका.